रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये अडकला असेल तर

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अॅम्प्लिफायरचा डबा, घेऊन कुणी नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दुकानात आलं, की झाकण उघडायच्या आधी मी एकच गोष्ट विचारतो : बंद नेमका केव्हा पडतो? बटण दाबल्या दाबल्या? चार-पाच सेकंदांनी? आवाज वाढवला की? की तासभर सिनेमा बघून झाल्यावर? बहुतेक लोक म्हणतात, "भाऊ, चालूच नाही होऊन राहिला, नुसता लाल लाइट मारून राहिला." एवढ्यावरून मला काही कळत नाही. बंद पडायची वेळ कळली तर निम्मं निदान तिथेच होतं. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो इथे लिहितो. यातलं बरंचसं तुम्हाला घरी, एकही स्क्रू न काढता करता येईल.

आधी प्रोटेक्शन, म्हणजे बिघाड दिसला की संच थांबवणारं आतलं सर्किट, काय करतं ते समजून घ्या. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, बसवलेला असतो. संच चालू केल्यावर पहिले काही सेकंद तो स्पीकर जोडतच नाही. तेवढ्या वेळात आतलं सर्किट चार गोष्टी बघून घेतं : आउटपुटवर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) येतोय का, करंट जास्त ओढला जातोय का, हीटसिंक (आतली उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तापलाय का, आणि पॉवर सप्लायचे व्होल्टेज जागेवर आहेत का. सगळं ठीक असेल तर 'टक्' असा आवाज येतो. रिले लागला, स्पीकर जोडले गेले. काही बिनसलं असेल तर टक् होतच नाही, किंवा लागलेला रिले सुटतो आणि संच स्टँडबायमध्ये जातो.

यात डीसीचा प्रकार सगळ्यात वाईट. आउटपुटचा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचे ४०-५० व्होल्ट सरळ स्पीकरवर येऊ शकतात. सहा ओहमच्या कॉइलमध्ये ५० व्होल्ट म्हणजे आठ अँपिअरच्या वर करंट आणि ४०० वॉटच्या वर निव्वळ उष्णता. कॉइल काही सेकंदांत जळते, कधी कधी कोनचा कागदही पेट घेतो. म्हणून कुणी "प्रोटेक्शन काढून डायरेक्ट करून द्या" म्हणालं तर मी ते काम घेत नाही, आणि कुणी तसं करून देतो म्हणाला तर तुम्हीही करून घेऊ नका. संच थांबलाय तो तुमचे स्पीकर आणि तुमचं घर वाचवायला थांबलाय.

आणखी एक. पुन्हा पुन्हा पॉवरचं बटण दाबून बघू नका. आत खरंच शॉर्ट असेल तर दर वेळी आणखी एखादा पार्ट जातो. शिवाय काही संच लागोपाठ तीनदा प्रोटेक्शनमध्ये गेले की स्वतःला कुलूपच लावून घेतात. मग सर्व्हिस मोडमध्ये (मेकॅनिकसाठीच्या सेटिंगमध्ये) गेल्याशिवाय ते उघडत नाहीत.

डिस्प्लेवर काय येतं तेही लिहून ठेवा. सोनीच्या संचावर 'प्रोटेक्टर' येतं. यामाहावर 'चेक एसपी वायर्स' येतं, म्हणजे स्पीकरच्या तारा बघा. डेनॉनमध्ये लाल दिवा किती वेगाने लुकलुकतो त्याला अर्थ आहे : साधारण दोन सेकंदांनी एकदा असेल तर संच तापलाय, अर्ध्या सेकंदाने असेल तर स्पीकरच्या तारा तरी बिघडल्यात नाहीतर आतला अॅम्प्लिफायर. मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवला तर पुढे मेकॅनिकलाही दाखवता येतो.

आधी सगळं काढा

रिसीव्हर बंद करून प्लग बोर्डातून उपटा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही, स्टँडबायमध्येही आत २३० व्होल्ट असतातच. मागच्या पॅनलचा फोटो काढा, प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि मग स्पीकरच्या सगळ्या तारा काढा. सगळ्या म्हणजे सगळ्या, लाल आणि काळी दोन्ही. एचडीएमआय, सेट-टॉप बॉक्स, सबवूफर, अँटेना, पेनड्राइव्ह, तेही काढा. अर्धा तास तसाच राहू द्या. तोवर आतल्या कंडेन्सरांत साठलेली वीज उतरते आणि संच तापला असेल तर थोडा निवतो.

आता फक्त पॉवरची वायर लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा आणि बटण दाबून कान द्या.

टक् झालं आणि डिस्प्ले टिकून राहिला तर दोष रिसीव्हरच्या बाहेर असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मला फार बरं वाटतं, कारण दुरुस्ती घरातच होते आणि फुकट होते. टक् झालंच नाही तर दोष बहुधा आत आहे, मग तारा-स्पीकर तपासण्यात वेळ घालवू नका, सरळ झाकणाच्या भागाकडे जा.

दोष बाहेर असेल तर

प्रतापनगरच्या एका घरी मी रिसीव्हर बघायला गेलो होतो. घरच्यांनी दोन ठिकाणी दाखवला होता आणि दोन्हीकडे आयसी गेल्याचं सांगितलं होतं. मी सगळ्या तारा काढल्या आणि संच मजेत चालू झाला. मग टॉर्च तिरपा धरून मागचं पॅनल पाहिलं. डाव्या सराउंड स्पीकरच्या तारेतली तांब्याची एकच काडी, केसाएवढी, लाल टर्मिनलमधून बाहेर येऊन शेजारच्या काळ्याला टेकली होती. सरळ उजेडात ती दिसतच नव्हती, तिरप्या उजेडात चमकली. काडी कापली, तार नीट पिळली, परत लावली. एवढंच काम होतं.

म्हणून तार लावताना साधारण एक सेंटिमीटरच सोला, सगळ्या काड्या घट्ट पिळा आणि टर्मिनलच्या बाहेर उघडं तांबं राहिलं नाही ना ते बघा. बनाना प्लग (तारेच्या टोकाला बसवायच्या पिना) लावले तर ही कटकटच संपते. तार फॉल्स सीलिंगमधून नेली असेल तर ती स्वतंत्र तपासा. दोन्ही टोकं मोकळी करा, मल्टिमीटर (वीज मोजायचं मीटर) कंटिन्युइटीवर, म्हणजे बीपच्या खुणेवर ठेवा आणि एका टोकाच्या दोन्ही वायरींना लावा. बीप वाजला तर तार आत कुठे तरी शॉर्ट आहे. जुन्या घरात उंदराने कुरतडलेली असते, नव्या घरात सुताराचा खिळा लागलेला असतो.

मग स्पीकर. मल्टिमीटर ओहमवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलवर लावा. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते सात दाखवतो, सहाचा चार ते पाच, चारचा तीनच्या आसपास. मीटर नेहमी छापलेल्या आकड्यापेक्षा कमी दाखवतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक ओहम किंवा त्याहून कमी आला तर कॉइल शॉर्ट आहे, तो स्पीकर परत लावू नका. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली आहे. त्यातून आवाज येणार नाही, पण प्रोटेक्शनचं कारण तो नाही. मल्टिमीटर नसेल तर दीड व्होल्टच्या साध्या सेलने क्षणभर टेकवून बघा. चांगला स्पीकर 'खर्र' किंवा 'टप्' करतो. शॉर्ट कॉइल मात्र यातून कळत नाही, त्याला मीटरच लागतं.

आवाज वाढवल्यावरच बंद पडत असेल तर एकाच टर्मिनलवर दोन स्पीकर जोडलेत का बघा. हॉलमधला एक आणि गच्चीवरचा एक, असे आठ-आठ ओहमचे दोन समांतर जोडले की रिसीव्हरला चार ओहम दिसतात. मागच्या पॅनलवर किमान किती ओहम चालतात ते छापलेलं असतं, बऱ्याच संचांवर सहा. हळू आवाजात हे खपून जातं, गाणं रंगात आलं की संच थांबतो. गणपतीच्या दिवसांत घरचा रिसीव्हर मंडपात नेतात तेव्हाही हेच होतं. त्या कामाला वेगळा अॅम्प्लिफायर असतो, घरच्या संचाला ते ओझं देऊ नये.

सगळं तपासलं की एक-एक स्पीकर जोडत जा. प्रत्येक वेळी संच बंद करून, प्लग काढून. ज्याला जोडल्यावर संच पुन्हा थांबला, तोच तुमचा दोषी.

तासाभराने बंद पडत असेल तर

हे नागपूरचं खास दुखणं आहे. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या संचांत याच तक्रारीचे सगळ्यात जास्त असतात. अनेक रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहालाही भिंती गरम असतात. त्यात रिसीव्हर शोकेसच्या काचेमागे, डोक्यावर सेट-टॉप बॉक्स आणि त्याखाली क्रोशाचा रुमाल. साध्या क्लास एबी अॅम्प्लिफायरमध्ये घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो. ती बाहेर पडायला वाट हवी.

वर किमान दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, बाजूंनाही थोडी. काच काढून टाका. वर काहीही ठेवू नका. एवढ्याने भागलं नाही तर कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा घ्या, तो १२ व्होल्टचा असतो. त्याला जुन्या राउटरच्या नऊ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालवा, म्हणजे आवाज जवळपास येत नाही. रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर तो हवा बाहेर ओढेल असा ठेवा. हा स्वस्तातला उपाय मी जवळजवळ प्रत्येकाला सांगतो.

मात्र कूलरच्या तोंडासमोर रिसीव्हर कधीच ठेवू नका. हवा गार लागते म्हणून लोक मुद्दाम तसं करतात. पण वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते, बारीक तुषारही येतात. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार बोर्डावर बसतात. धुळीवर हा ओलावा बसला की पार्टच्या पायांपायांतून करंट गळायला लागतो आणि सर्किट बरोबर असूनही चुकीचं मोजमाप घेतं. असे बोर्ड उघडले की ट्रान्झिस्टरच्या पायांशी पांढरट पापुद्रा दिसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढून, पूर्ण वाळवून मग पॉवर दिली की संच चालू होतो, पार्ट काहीही बदलावा लागत नाही.

कूलर-एसीच्या दिवसांत व्होल्टेजही बघा. संध्याकाळी बोर्डात मीटर लावल्यावर २३० च्या जागी १८० दिसत असतील तर आतला सप्लाय कमी पडतो आणि सर्किट त्यालाही बिघाडच समजतं. पहाटे चालतो, रात्री नाही, अशी तक्रार असेल तर संशय इथेच घ्या. चांगला स्टॅबिलायझर लावा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवू नका. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो आणि संच कधी कधी चालू व्हायलाच नकार देतो. साइन वेव्हवाला चालतो.

झाकण काढणार असाल तर

हा भाग ज्यांचा हात मल्टिमीटर आणि सोल्डरिंगवर बसलाय त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी इथे थांबून संच दुकानात न्यावा. वॉरंटी असेल तर कुणीच उघडू नये.

प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत ५०-६० व्होल्ट राहतात, प्लस आणि मायनस मिळून १०० च्या वर. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत सोडा, त्याने कंडेन्सरही जातो आणि बोर्डाची पट्टीही. एक किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने मिनिटभर लावा आणि मीटरवर पाच व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा.

मग आधी हात न लावता बघा आणि वास घ्या. जळका वास, फुगलेला कंडेन्सर, काळा पडलेला रेझिस्टर, ढिली झालेली रिबन केबल. मेलेली पाल तर कायमची, उबेसाठी आत शिरते आणि दोन पायांमध्ये अडकते. ज्या भागात हीटसिंक किंवा रेग्युलेटर तापतो तिथलं सोल्डर भिंगाखाली पाहा. पायाभोवती बारीक गोल भेग असेल तर ते ड्राय सोल्डर. संच गार असताना चालतो आणि तापल्यावर थांबतो त्यामागे बऱ्याचदा हीच भेग असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीकडच्या घरांत पाणी शिरलं होतं. तसा पाण्यात बुडालेला संच कुणी "वाळला आता" म्हणून चालू करत असेल तर त्याला थांबवा. ट्रान्सफॉर्मरच्या आत आणि रिलेच्या डबीत गाळ राहतो, ते सगळं उघडून धुतल्याशिवाय पॉवर देऊ नये.

यानंतर आउटपुटचे ट्रान्झिस्टर. मीटर डायोडवर ठेवून प्रत्येकाचा कलेक्टर-एमिटर मोजा, दोन्ही दिशांनी. शून्याच्या जवळ दाखवला तर तो शॉर्ट. एका चॅनेलचे आकडे बाकीच्या चॅनेलशी ताडून बघणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. सात चॅनेल असतील तर तुमच्याकडे सहा चांगले नमुने समोरच आहेत. शॉर्ट सापडला की नुसता तोच बदलून थांबू नका. त्याची जोडी, आधीचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि पांढरे सिमेंटचे एमिटर रेझिस्टर, बहुतेक ०.२२ ओहमचे, सगळे तपासा. एक जुना ड्रायव्हर राहिला तर नवी जोडी पहिल्याच मिनिटाला जाते.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) पार्ट घेताना डोळे उघडे ठेवा. ५२००-१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी फार चालते, म्हणून तिचे नकलीही भरपूर आहेत. अक्षरं बोटाने पुसली जाणारी, पाठीवरचं तांबं पातळ, किंमत संशय येईल इतकी कमी, असं असेल तर घेऊ नका. मूळ बोर्डावर जो नंबर आहे तोच मागा. बसवताना अभ्रकाची पट्टी आणि थर्मल पेस्ट विसरू नका, आणि पॉवर देण्याआधी कलेक्टर ते हीटसिंक बीप वाजत नाही ना ते बघा.

पहिली पॉवर नेहमी सिरीज बल्बवरून (पॉवरच्या वाटेत मध्ये जोडलेल्या बल्बवरून) द्या, ६० किंवा १०० वॉटचा जुन्या तारेचा बल्ब, एलईडी नको. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून तसाच राहिला तर अजून शॉर्ट आहे, लगेच बंद करा. काही संच बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळालं तरी प्रोटेक्शनमध्येच राहतात, विशेषतः स्विचिंग सप्लायवाले. म्हणून इथे टक् आवाजाची वाट न बघता बल्बच बघा. मग रिलेच्या आधीच्या बाजूला प्रत्येक चॅनेलचा डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. एखाद्यावर ४०-५० व्होल्ट दिसले तर दोषी चॅनेल सापडला.

ट्रान्झिस्टर सगळे चांगले, डीसी शून्याजवळ, तरी रिले लागत नाही, असंही होतं. तेव्हा पहारेकरी, म्हणजे प्रोटेक्शनचं सर्किट, स्वतःच आजारी असतो. छोट्या सप्लायचे १२ आणि ५ व्होल्ट मोजा, रिलेचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर बघा, हीटसिंकवरचा थर्मिस्टर आणि प्रोटेक्शनच्या वाटेवरचे छोटे कंडेन्सर बघा. जुन्या संचात ते वाळून गेलेले असतात. फ्युजिबल रेझिस्टर उघडा पडला असेल तर त्याच्या जागी तसाच फ्युजिबल लावा, साधा नको.

एचडीएमआयच्या डिजिटल बोर्डात दोष निघाला आणि बोर्ड मिळत नसेल, तरी जड ट्रान्सफॉर्मरवाला जुना रिसीव्हर भंगारात देऊ नका असं माझं मत आहे. अॅम्प्लिफायर शाबूत असेल आणि संच चालू होत असेल तर अॅनालॉग इनपुटवरून तो गाण्यांना वर्षानुवर्षं साथ देतो. आजच्या स्वस्त साउंडबारला तो दम नाही.

दुरुस्ती झाल्यावर लगेच चांगले स्पीकर जोडू नका. एखादी जुनी जोडी लावा, झाकण बसवून तासभर मध्यम आवाजात चालवा. नंतर झाकण उघडून, तापलेल्या अवस्थेत डीसी पुन्हा मोजा. आकडा तेवढाच असेल तर संच जागेवर न्या.

आणि दुकानात नेणार असाल तर रिमोट सोबत आणा, तो लाल दिव्याचा व्हिडिओ आणा, आणि एका कागदावर लिहून आणा : कधी बंद पडतो, स्पीकर किती ओहमचे, सगळ्या तारा काढल्यावर टक् झालं का. रिसीव्हर गाडीवर आडवा बांधू नका, ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने बोर्ड तडकतो. मांडीवर सपाट धरून आणा.